एम्बार्कादेरो मुक्तमार्ग : एका अपुऱ्या रस्त्याचा इतिहास

नगराच्या भूगोलात रस्ता हा सामान्यतः स्थिर घटक समजला जातो. इमारती पडतात, वस्त्या बदलतात, व्यवसाय स्थलांतर करतात. परंतु एकदा आखलेली वाट शतकानुशतके टिकून राहते, असा जुन्या शहरांचा अनुभव आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेतील शहरांतून जे मुक्तमार्ग बांधले गेले, त्यांच्याविषयी हीच अपेक्षा होती. काँक्रीटचे प्रचंड स्तंभ, जमिनीपासून उंच उचललेली धाव, चौक नाहीत, थांबे नाहीत : असे बांधकाम पुन्हा उखडले जाईल अशी कल्पनाही त्या काळच्या अभियंत्यांना शिवली नसावी. सॅन फ्रान्सिस्को शहरातील एम्बार्कादेरो मुक्तमार्गाचे आयुष्य मात्र पुरते बत्तीस वर्षांचेच ठरले. १९५९ साली तो वाहतुकीस खुला झाला, १९८९ च्या भूकंपानंतर बंद पडला आणि १९९१ साली पाडण्यास घेतला गेला.

या रस्त्याची लांबी सव्वा ते दीड मैल एवढीच होती. तरीही नगररचनेच्या अभ्यासात त्याचा उल्लेख वारंवार येतो, आणि तो बहुधा तीन प्रकारे येतो. कोणी म्हणतात, रस्ता कुरूप होता म्हणून गेला. कोणी म्हणतात, भूकंपाने तो नेला. कोणी म्हणतात, त्याची वाहतूक आपोआप नाहीशी झाली, म्हणजे त्याची गरजच नव्हती. या तिन्ही विधानांत सत्याचा अंश आहे, परंतु एकही विधान पुरेसे नाही. रस्त्याचा मार्ग, त्यामागील पैसा व कायदा, आणि निर्णयाच्या प्रत्येक टप्प्यावर नागरिकांपुढे नेमका कोणता प्रश्न होता, हे पाहिल्याखेरीज या घटनेचा उलगडा होत नाही.

१. भौगोलिक पार्श्वभूमी

सॅन फ्रान्सिस्को हे शहर एका द्वीपकल्पाच्या उत्तर टोकावर वसलेले आहे. पश्चिमेस पॅसिफिक महासागर, उत्तरेस गोल्डन गेट ही सामुद्रधुनी आणि पूर्वेस विस्तीर्ण उपसागर. तिन्ही बाजूंनी पाणी असल्यामुळे शहराला पसरण्यास जागा नाही. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ४७ चौरस मैल एवढेच आहे. १९५० च्या शिरगणतीत येथे ७,७५,३५७ लोक होते. पूर्वेकडील ओकलंड, बर्कली ही शहरे आणि उत्तरेकडील मरीन परगणा यांच्याशी येणेजाणे दीर्घकाळ फेरीबोटींनीच होत असे. या बोटी जेथे लागत तेथे, मार्केट रस्त्याच्या टोकाशी, १८९८ साली फेरी बिल्डिंग उभी राहिली. वास्तुशिल्पी ए. पेज ब्राउन यांनी योजिलेला तिचा २४५ फूट उंचीचा घड्याळी मनोरा १९०६ च्या भूकंपातून वाचला आणि शहराचे चिन्ह बनून राहिला.

इमारतीसमोरून किनाऱ्याच्या कडेने जो रुंद रस्ता जातो त्याला एम्बार्कादेरो म्हणतात. हा शब्द स्पॅनिश असून जहाजावर चढण्याची जागा, म्हणजे धक्का, असा त्याचा अर्थ आहे. ही जमीन मुळची नव्हे. १८४९ च्या सुवर्णशोधाच्या धामधुमीत येथील येर्बा ब्वेना नावाची खाडी भराव घालून बुजविण्यात आली. खलाशांनी सोडून दिलेल्या काही जहाजांचे सांगाडेही त्या भरावात गाडले गेले. पुढे समुद्रभिंत बांधून किनाऱ्याची रेषा कायम करण्यात आली. भरावाखाली उपसागराचा मऊ गाळ आहे, ही गोष्ट पुढील विवेचनात महत्त्वाची ठरणार आहे.

१९३६ च्या नोव्हेंबरात ओकलंडकडे जाणारा बे ब्रिज आणि १९३७ च्या मे महिन्यात गोल्डन गेट पूल खुला झाला. या दोन पुलांनी फेरीबोटींचे युग संपविले. दोन्ही पूल शहराच्या दोन कोपऱ्यांत येऊन उतरत होते. परंतु त्यांना एकमेकांशी जोडणारा वेगवान रस्ता शहरात नव्हता. एम्बार्कादेरो मुक्तमार्गाचा जन्म या उणिवेतून झाला.

२. मार्गाचे वर्णन

बे ब्रिजवरून शहरात शिरणाऱ्या रस्त्यापासून हा मार्ग फुटे. फॉल्सम रस्त्याजवळून तो पूर्वेकडे किनाऱ्यास भिडे आणि तेथे उत्तरेस वळून धक्क्यांच्या ओळीला समांतर धावू लागे. मिशन व मार्केट या रस्त्यांची टोके ओलांडून तो फेरी बिल्डिंगच्या अगदी पुढ्यातून जाई. तेथून थोड्याच अंतरावर वॉशिंग्टन व क्ले या रस्त्यांना जोडणारे उतार होते, आणि ब्रॉडवे रस्त्यापाशी मार्ग जमिनीवर उतरून संपत असे. ब्रॉडवेवरून पश्चिमेस गेल्यास चिनी वस्ती व इटालियन लोकांचा नॉर्थ बीच हा भाग काही मिनिटांच्या अंतरावर येई.

बांधकाम दुमजली होते. एका मजल्यावरून एका दिशेची आणि दुसऱ्यावरून विरुद्ध दिशेची वाहने जात. अरुंद जागेत दोन्ही दिशांचे पट्टे बसविण्याचा हा सोयीचा उपाय होता. परंतु त्यामुळे मार्गाची उंची वाढली आणि मार्केट रस्त्यावरून पाहणाऱ्यास फेरी बिल्डिंगचा खालचा भाग पूर्णतः झाकला गेला. मनोऱ्याचा वरचा अर्धा भाग काँक्रीटच्या दोन आडव्या पट्ट्यांवरून डोकावत असे. खाली, स्तंभांच्या सावलीत, वाहने उभी करण्याच्या जागा होत्या.

वर्णनातील सर्वांत महत्त्वाची बाब म्हणजे हा मार्ग ब्रॉडवेपाशी संपत असे. मूळ योजनेनुसार तो किनाऱ्याकिनाऱ्याने उत्तरेस व पुढे पश्चिमेस वळून गोल्डन गेट पुलाला मिळावयाचा होता. तसे झाले नाही. म्हणून जो रस्ता प्रत्यक्षात उभा राहिला तो दोन पुलांना जोडणारा दुवा नव्हता. तो एका पुलापासून निघून शहराच्या मध्यावर येऊन थांबणारा तुकडा होता.

३. आराखडे, पैसा आणि कायदा

शहरातील मुक्तमार्गांचे आराखडे दुसऱ्या महायुद्धानंतर लगेच, १९४८ व १९५१ साली, तयार झाले. त्यांत शहराला चारही बाजूंनी वेढणारे व मधून छेदणारे मार्ग दाखविले होते. या आराखड्यांना बळ आले ते दोन कायद्यांमुळे. १९४७ साली कॅलिफोर्निया राज्याने इंधनकर वाढवून महामार्गांसाठी मोठा निधी निर्माण केला. १९५६ साली संघराज्याने आंतरराज्य महामार्गांचा कायदा केला. त्यान्वये निवडलेल्या मार्गांच्या खर्चापैकी ९० टक्के भार केंद्राने उचलावयाचा होता. एम्बार्कादेरो मार्गाचा समावेश या जाळ्यात ४८० या क्रमांकाने झाला.

या अर्थव्यवस्थेचे एक वैशिष्ट्य ध्यानात घेतले पाहिजे. इंधनकराचा पैसा राज्यघटनेने रस्त्यांसाठीच राखून ठेवला होता. तो लोहमार्गाकडे वळविण्यास १९७४ च्या घटनादुरुस्तीनंतरच वाट मिळाली. तेव्हा १९५० च्या दशकात एखाद्या शहराने मुक्तमार्ग नाकारला, तर त्याऐवजी त्याला दुसरे काही मिळत नसे. तो पैसा दुसऱ्या गावाच्या रस्त्यांकडे जाई. शहराच्या दृष्टीने मुक्तमार्ग जवळजवळ फुकट होता आणि त्याला नकार देणे मात्र महाग होते. अशा स्थितीत आलेल्या नकाराचे मूल्य यावरून लक्षात यावे.

मार्गाची जागा कशी ठरली, हेही या अर्थकारणाशी निगडित आहे. महामार्ग खात्याचे अभियंते स्वाभाविकपणे अशी वाट शोधत की जेथे जमीन स्वस्त असेल, खाजगी मालकांची संख्या कमी असेल आणि घरे फारशी पाडावी लागणार नाहीत. उद्याने, नद्यांचे व समुद्राचे किनारे आणि गरीब वस्त्या या कसोटीला उतरत. सॅन फ्रान्सिस्कोचा बंदरकिनारा तर त्या वेळी राज्य सरकारच्याच मालकीचा होता. तो शहराकडे सोपविण्यात आला तो १९६८ च्या कायद्यानंतर. किनाऱ्यावर धक्के, गुदामे व मालगाड्यांचे रूळ होते. तेथे कोणी राहत नव्हते. आक्षेप घेणारा रहिवासी नसल्यामुळे हा तुकडा आधी बांधला गेला. जेथे रहिवासी होते तेथे काय घडले, हे पुढे दिसेल.

४. १९५९ चा ठराव

१९५० च्या दशकाच्या मध्यास नियोजित मार्गांचे नकाशे सर्वसामान्य नागरिकांपुढे आले आणि पश्चिमेकडील मध्यमवर्गीय वस्त्यांत खळबळ उडाली. कोणत्या रस्त्यावरील घरे जाणार, कोणत्या उद्यानाचा कोपरा कापला जाणार, हे प्रत्येकाला आपापल्या दारापुढे दिसू लागले. वस्तीवस्तीतून रहिवाशांच्या संघटना निघाल्या, सभा झाल्या, सह्यांची निवेदने गेली. त्याच वेळी एम्बार्कादेरो मार्गाचे बांधकाम चालू होते. मुक्तमार्ग म्हणजे काय, याचा नमुना फेरी बिल्डिंगसमोर रोज थोडाथोडा उंच होत होता. आराखड्यावरील रेघ आणि प्रत्यक्ष काँक्रीट यांतील अंतर नागरिकांना या नमुन्याने शिकविले, असे म्हणता येईल.

२७ जानेवारी १९५९ रोजी शहराच्या पर्यवेक्षक मंडळाने, म्हणजे निर्वाचित नगरसभेने, नियोजित दहा मुक्तमार्गांपैकी सात मार्गांना विरोध करणारा ठराव संमत केला. यांत एम्बार्कादेरोचा गोल्डन गेटकडे जाणारा पुढील भागही होता. राज्याचा व केंद्राचा पैसा, राज्याचे अभियंते, राज्याचा क्रमांक. मग नगरसभेच्या ठरावाने मार्ग थांबला कसा? याचे उत्तर कॅलिफोर्नियाच्या महामार्गविषयक कायद्यात आहे. मुक्तमार्गासाठी शहरातील एखादा रस्ता बंद करावयाचा असेल, तर त्या शहराशी करार करणे राज्याला बंधनकारक होते. चौक नसलेला मार्ग शहरातून न्यावयाचा म्हणजे अनेक आडवे रस्ते बंद करणे आलेच. त्यामुळे शहराची संमती ही औपचारिक बाब न राहता खऱ्या अर्थाने निर्णायक ठरली. बहुतेक शहरांनी ही संमती विनासायास दिली. सॅन फ्रान्सिस्कोने ती रोखून धरली.

राज्याने प्रयत्न सोडले नाहीत. सुधारित आराखडे पुन्हापुन्हा मंडळापुढे आले. गोल्डन गेट उद्यानाच्या पूर्वेकडील चिंचोळ्या पट्ट्यातून जाणाऱ्या मार्गाचा प्रस्ताव १९६४ साली व पुन्हा १९६६ साली फेटाळला गेला, आणि १९६६ चे मतदान सहा विरुद्ध पाच असे काठावरचे होते. एम्बार्कादेरोचा विस्तारही त्याच सुमारास कायमचा निकालात निघाला. पुढे हा मार्ग आंतरराज्य जाळ्यातून वगळण्यात येऊन केवळ राज्यमार्ग म्हणून उरला.

अमेरिकेच्या नगरेतिहासात या घटनाक्रमाला ‘मुक्तमार्गविरोधी बंड’ असे नाव मिळाले आहे. हे बंड यशस्वी झाले खरे. परंतु आधीच बांधून झालेल्या तुकड्याचे काय करावयाचे, हा प्रश्न त्याने सोडविला नाही. उलट, त्या तुकड्याचे प्रयोजनच काढून घेतले.

५. अपुरेपणाची तीस वर्षे

वाहतुकीच्या जाळ्यातील एखाद्या दुव्याचे मूल्य त्याच्या स्वतःच्या लांबी-रुंदीवर अवलंबून नसते. तो दुवा कशाकशाला जोडतो, यावर ते अवलंबून असते. एम्बार्कादेरोवरून शहराला वळसा घालून उत्तरेस जाता येत नव्हते. त्यावरून जाणारी वाहने शेवटी ब्रॉडवे, क्ले वा वॉशिंग्टन रस्त्यावर उतरून शहराच्या सामान्य चौकांतच मिसळत. पारवाहतुकीसाठी योजिलेला मार्ग असा व्यापारी पेठेच्या उत्तर भागात पोहोचविणारा एक लांबलचक उतार होऊन बसला. तो निरुपयोगी होता असे मात्र नव्हे. दररोज सुमारे ६० हजार वाहने त्याचा उपयोग करीत, आणि चिनी वस्तीतील दुकानदारांच्या दृष्टीने तर ती त्यांच्या पेठेची मुख्य वेसच होती.

याच काळात किनाऱ्याचे स्वरूप पालटले. १९६० च्या दशकात मोठ्या पेट्यांतून माल नेण्याची पद्धत रूढ झाली. त्यासाठी लागणारी विस्तीर्ण मोकळी जागा व लोहमार्ग ओकलंडकडे होते. सॅन फ्रान्सिस्कोचे समुद्रात शिरलेले अरुंद धक्के त्या कामाचे नव्हते. व्यापार पलीकडे गेला आणि धक्के ओस पडू लागले. उद्योगाचा किनारा म्हणून जेथे मुक्तमार्ग बांधणे अभियंत्यांना निर्धोक वाटले होते, तेथे आता उद्योगच उरला नाही. दुसरीकडे, १९७४ साली उपसागराखालील बोगद्यातून बार्ट ही विद्युत रेल्वे धावू लागली आणि ओकलंडकडून पेठेत येणाऱ्यांना रस्त्याखेरीज दुसरा मार्ग मिळाला. १९७० पासून मरीनच्या दिशेने फेरीबोटीही पुन्हा सुरू झाल्या.

मार्ग पाडून टाकावा, अशी सूचना या पार्श्वभूमीवर गंभीरपणे मांडली गेली आणि १९८० च्या दशकाच्या मध्यास पर्यवेक्षक मंडळाने तिला अनुकूलता दाखविली. परंतु १९८६ साली मतदारांपुढे हा विषय आला तेव्हा त्यांनी तो नाकारला. ही गोष्ट नंतरच्या लेखनात पुष्कळदा निसटते. ज्या शहराने सात मुक्तमार्ग होऊ दिले नाहीत, त्याच शहराने झालेला मुक्तमार्ग पाडण्यास नकार दिला. यात विसंगती दिसते. परंतु ती वरवरची आहे. १९५९ साली प्रश्न होता, नसलेला रस्ता करावा काय? १९८६ साली प्रश्न होता, चालू रस्ता मोडावा काय? पहिल्यात हानी निश्चित व लाभ अनुमानाचा होता. दुसऱ्यात लाभ अनुमानाचा आणि गैरसोय निश्चित वाटत होती. दोन्ही वेळा नागरिकांनी हाती असलेले सोडण्यास नकार दिला. नागरिकांची वृत्ती तीच होती. प्रश्न मात्र उलटा झाला होता.

६. भूकंप

१७ ऑक्टोबर १९८९ रोजी सायंकाळी ५ वाजून ४ मिनिटांनी लोमा प्रिएटा शिखराजवळ केंद्र असलेला ६.९ परिमाणाचा भूकंप झाला. केंद्र शहरापासून सुमारे ६० मैल दूर असूनही हानी मोठी झाली. एकूण ६३ जण मृत्युमुखी पडले आणि त्यांपैकी ४२ जण एकाच ठिकाणी, ओकलंडमधील सायप्रस उन्नत मार्गाखाली, चिरडले गेले. बे ब्रिजच्या वरच्या मजल्याचा एक तुकडा खाली कोसळल्याने तो पूल महिनाभर बंद राहिला.

सायप्रस मार्ग १९५७ साली खुला झाला होता. एम्बार्कादेरो १९५९ साली. दोन्ही दुमजली, दोन्ही प्रबलित काँक्रीटचे, दोन्ही एकाच पिढीच्या संकल्पनेतून निघालेले. त्या काळी स्तंभांतील उभ्या सळ्यांना आडव्या कड्यांचे आवळण पुरेसे दिले जात नसे. भूकंपात स्तंभ डोलू लागला की आतील काँक्रीट फुटून बाहेर येऊ पाहते. कड्या जवळजवळ व घट्ट असतील तर ते आत धरून ठेवले जाते आणि स्तंभ वाकूनही भार पेलतो. कड्या विरळ असतील तर तो एकाएकी तुटतो. दुमजली बांधकामात ज्या सांध्यावर वरच्या मजल्याचे स्तंभ खालच्या चौकटीवर टेकतात तो सांधा सर्वांत नाजूक असतो, आणि सायप्रस मार्ग नेमका तेथेच निखळला. १९७१ च्या सॅन फर्नांडो भूकंपानंतर हे दोष अभियंत्यांना कळून चुकले होते. त्यानंतर राज्याने पुलांच्या विभागांना एकमेकांशी तारदोरांनी बांधण्याचे काम हाती घेतले. परंतु स्तंभांचे बळकटीकरण मागे राहिले होते.

दुसरे कारण जमिनीचे. खडकातून येणारा कंप मऊ गाळात शिरला म्हणजे त्याचा वेग घटतो, पण त्याचा विस्तार वाढतो. त्यातही काही विशिष्ट आवर्तनकाळाचे हेलकावे अधिक तीव्र होतात. सायप्रस मार्गाचा कोसळलेला भाग प्रामुख्याने अशा गाळावरच उभा होता. एम्बार्कादेरो तर सबंध भरावाच्या किनाऱ्यावर उभा होता. त्याला तडे गेले, सांधे दुखावले, परंतु तो पडला नाही. कंप आणखी काही सेकंद टिकला असता तर काय झाले असते, याचा अंदाज ओकलंडमध्ये ढिगाऱ्याच्या रूपाने समोर होता. मार्ग तत्काळ बंद करण्यात आला. जॉर्ज हाउझ्नर यांच्या अध्यक्षतेखाली राज्यपालांनी नेमलेल्या चौकशी मंडळाने १९९० साली अहवाल दिला; त्याच्या शिफारशींतून राज्यभर पूल मजबूत करण्याच्या कामाला वेग आला.

येथे पहिल्या लोकप्रिय समजुतीची मर्यादा स्पष्ट होते. भूकंपाने एम्बार्कादेरो मार्ग पाडला नाही. तो दुरुस्त करून मजबूत करणे अभियांत्रिकीच्या दृष्टीने शक्य होते आणि तसा पर्याय विचाराधीनही होता. भूकंपाने केले ते एवढेच, की नागरिकांपुढील प्रश्न तिसऱ्यांदा बदलला.

७. पाडण्याचा निर्णय आणि त्याची किंमत

आता प्रश्न होता : मोडलेल्या रस्त्यावर पुन्हा खर्च करावा, की तो काढून टाकून किनारा मोकळा करावा? आणि या वेळी अनुमानाची जागा अनुभवाने घेतली होती. ऑक्टोबर १९८९ पासून फेब्रुवारी १९९१ पर्यंत, म्हणजे सोळा महिने, शहर या मार्गावाचून चालले होते. गर्दी वाढली, प्रवास लांबले, तक्रारी झाल्या. परंतु भाकीत केलेला सर्वव्यापी खोळंबा झाला नाही.

महापौर आर्ट ॲग्नोस यांनी मार्ग पाडण्याचा आग्रह धरला. त्यांना सर्वांत तीव्र विरोध झाला तो चिनी वस्तीकडून. ही वस्ती शहरातील अत्यंत दाट लोकवस्तीच्या भागांपैकी एक. तेथील दुकाने, उपाहारगृहे व बाजार यांचे ग्राहक केवळ वस्तीतले नव्हते. उपसागरापलीकडील उपनगरांत राहावयास गेलेली चिनी कुटुंबे आठवड्याच्या खरेदीसाठी मोटारीने पूल ओलांडून येत आणि ब्रॉडवेच्या उतारावरून थेट पेठेत उतरत. भूकंपानंतर मार्ग बंद होताच धंदा घसरल्याचे व्यापाऱ्यांनी सांगितले. रोझ पॅक यांच्यासारख्या पुढाऱ्यांनी संघटित मोहीम चालविली. किनाऱ्याचे सौंदर्य सर्व शहराला मिळणार. त्याची किंमत मात्र एका वस्तीने मोजावयाची, हा त्यांच्या आक्षेपाचा गाभा होता, आणि तो सहज झटकून टाकण्यासारखा नव्हता.

पर्यवेक्षक मंडळाने अल्प बहुमताने पाडण्याच्या बाजूने कौल दिला. २७ फेब्रुवारी १९९१ रोजी काम सुरू झाले. त्याच वर्षीच्या निवडणुकीत ॲग्नोस यांचा फ्रँक जॉर्डन यांनी पराभव केला. चिनी वस्तीचा रोष हे त्याचे एक कारण मानले जाते. वस्तीला भरपाई म्हणून भुयारी रेल्वे देण्याची मागणी पुढे आली व ती दीर्घकाळ लावून धरण्यात आली. तो मार्ग १९ नोव्हेंबर २०२२ रोजी प्रथम चालू झाला आणि चिनी वस्तीतील स्थानकास रोझ पॅक यांचे नाव देण्यात आले. मुक्तमार्ग पाडणे आणि त्याचा मोबदला मिळणे यांत तीन दशके लोटली. ज्या दुकानदाराचा धंदा १९९० मध्ये बुडाला त्याला २०२२ च्या रेल्वेचा काय उपयोग, हा प्रश्न नगररचनाकारांनी टाळू नये.

८. वाहतूक कोठे गेली?

मुक्तमार्गाच्या जागी जो रस्ता झाला तो जमिनीवरचा आहे. त्याला चौक आहेत, दिवे आहेत, कडेने रुंद पदपथ आहे, आणि मधोमध ताडवृक्षांच्या ओळींतून ट्राम धावते. जुन्या बांधणीच्या गाड्यांचा हा ट्राममार्ग २००० साली फेरी बिल्डिंगवरून फिशरमन्स व्हार्फपर्यंत नेण्यात आला. फेरी बिल्डिंग दुरुस्त होऊन २००३ साली बाजारपेठ म्हणून पुन्हा खुली झाली. मार्गाखालील व त्याच्या उतारांखालील जमीन राज्याने शहराकडे दिली. फॉल्सम रस्त्यालगतच्या या जमिनीच्या विक्रीचा पैसा २०१८ साली खुल्या झालेल्या नव्या परिवहन स्थानकाच्या उभारणीस साह्यभूत झाला.

६० हजार वाहने नाहीशी झाली, हे विधान मात्र काळजीने तपासले पाहिजे. रस्त्याची क्षमता घटली असता वाहतुकीचे चार प्रकारे रूपांतर होते. काही वाहने शेजारच्या रस्त्यांवर जातात. काही प्रवास वेगळ्या वेळी होतात. काही प्रवासी रेल्वे, बोट वा बस पत्करतात. आणि काही प्रवास वेगळ्या ठिकाणी होतात किंवा होतच नाहीत. अँथनी डाउन्स यांनी १९६२ साली दाखवून दिले होते, की गर्दीच्या वेळी मोठ्या शहरातील नव्या द्रुतमार्गाची वाढलेली क्षमता अशाच स्थलांतरित प्रवासांनी लवकरच भरून जाते. क्षमता घटल्यास हीच प्रक्रिया उलट दिशेने घडते. केर्न्स, ॲटकिन्स व गुडविन यांनी २००२ साली निरनिराळ्या देशांतील सत्तरांहून अधिक उदाहरणे तपासली. त्यांपैकी निम्म्या ठिकाणी आधीच्या वाहनांपैकी ११ टक्क्यांहून अधिक वाहने आजूबाजूच्या कोणत्याही रस्त्यावर आढळली नाहीत. म्हणजे घट खरी असते. परंतु सबंध वाहतूक विरून जाते असे नव्हे, आणि निम्म्या ठिकाणी घट याहूनही कमी होती.

एम्बार्कादेरोच्या बाबतीत तर विशेष परिस्थिती होती. पर्यायी बार्ट रेल्वे आधीच धावत होती. भूकंपानंतर ओकलंड व अलामेडाकडील फेरीबोटी पुन्हा सुरू होऊन पुढेही टिकल्या. शहराच्या मध्यभागातील रस्ते चौकडीच्या पद्धतीचे असल्याने वाहनांना विखुरण्यास अनेक वाटा होत्या. सर्वांत मुख्य म्हणजे हा मार्ग अपुरा होता. त्यावर लांबची पारवाहतूक फारशी नव्हतीच. दोन पुलांना जोडणारा पूर्ण मार्ग १९५९ नंतर बांधला गेला असता, तर त्यावर अवलंबून असलेली उपनगरे, गुदामे व रोजचे प्रवास तीस वर्षांत वाढले असते, आणि १९९१ साली तो काढणे इतके सुलभ झाले नसते. तेव्हा १९५९ च्या नकारानेच १९९१ चा निर्णय शक्य केला, असे म्हणणे सयुक्तिक ठरेल.

तुलनेसाठी सिएटल शहराचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. तेथील किनाऱ्यावरचा अलास्कन वे हा दुमजली मार्ग १९५३ साली खुला झाला आणि २००१ च्या भूकंपात त्याची हानी झाली. परंतु तो शहराच्या दक्षिण-उत्तर पारवाहतुकीचा खरा दुवा होता. म्हणून तो पाडण्यापूर्वी शहराखालून खर्चिक बोगदा काढावा लागला. बोगदा व पाडकाम या दोन्ही गोष्टी २०१९ साल उजाडेपर्यंत लांबल्या. किनारा तसाच, बांधकाम तसेच, भूकंपाची भीतीही तशीच. फरक होता तो जाळ्यातील स्थानाचा.

९. समारोप

वरील विवेचनातून तीन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, मुक्तमार्गाची जागा ही केवळ भूरचनेने ठरत नाही. मालकी कोणाची आहे व विरोध करण्यास कोण हजर आहे, यावरूनही ती ठरते. किनाऱ्यावर रहिवासी नव्हते म्हणून तेथे मार्ग आला. दुसरा असा की, जाळ्याचा एक तुकडा बांधणे म्हणजे जाळे बांधणे नव्हे. उरलेले नाकारले गेले की बांधलेल्याचा अर्थही बदलतो. आणि तिसरा असा की, लोकमत हे प्रश्नाच्या मांडणीपासून वेगळे काढता येत नाही. १९५९, १९८६ आणि १९९० या तीन वेळी एकाच शहराने दिलेली उत्तरे परस्परविरुद्ध भासतात, कारण तीन वेळा तीन वेगळे प्रश्न विचारले गेले.

सॅन फ्रान्सिस्कोच्या या अनुभवावरून कोणताही मुक्तमार्ग पाडला तरी चालतो, असा सर्वसामान्य नियम काढणे चुकीचे होईल. परंतु त्याच्या उलट नियमही, म्हणजे चालू रस्त्यावाचून शहर चालूच शकत नाही हाही, या सोळा महिन्यांच्या अनुभवाने खोटा ठरविला आहे. अभ्यासकाला त्यातून मिळते ती एक पद्धत : एखाद्या रस्त्याची गरज किती, हे त्यावरील वाहने मोजून कळत नाही, तो कशाला जोडतो, कोणाला जोडतो आणि तो नसता कोणाचे काय जाईल, हे तिन्ही विचारावे लागते. फेरी बिल्डिंगसमोर उभे राहिले असता पहिल्या प्रश्नाचे उत्तर आज सहज दिसते. तिसऱ्याचे उत्तर मात्र ब्रॉडवेने चिनी वस्तीत गेल्यावरच मिळते.